सटवाईची लेखणी आणि वॉर्डातली नोंदवही

बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाचवी आणि सहाव्या रात्री सटवी पूजण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती. अनेक घरांत ती आजही आहे. पाटा-वरवंट्याजवळ दिवा लावायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि रात्र जागवायची. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत. बाळाचे नाव ठेवायचे ते मात्र बाराव्या दिवशी, बारशाला.

या चालीमागे एक कठोर अनुभव असावा, असे वाटते. पूर्वी ज्या आजारांनी नवजात बाळे दगावत, त्यांपैकी एक मोठा आजार म्हणजे धनुर्वात. विळ्याने किंवा बांबूच्या कामटीने नाळ कापली, तिला राख किंवा शेण लावले, की धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू आत शिरत. हे बीजाणू जनावरांच्या शेणात आणि मातीत सहज सापडतात. पहिले काही दिवस बाळ नीट दूध ओढते. मग जबडा आवळतो, दूध सुटते, अंग ताठ होते. हे साधारणपणे तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान घडते, आणि सहावा-सातवा दिवस त्याच्या ऐन मध्यावर येतो. सहावी रात्र पार पडेल का, ही चिंता उगाच नव्हती.

आज वैद्यकशास्त्र जन्मापासूनच्या पहिल्या २८ दिवसांना 'नवजात' काळ म्हणते. हजार जिवंत जन्मांमागे या काळात किती बाळे दगावली, या आकड्याला नवजात मृत्युदर म्हणतात. वर्षाच्या आत होणाऱ्या बालमृत्यूंपैकी मोठा वाटा या २८ दिवसांतला असतो, आणि त्यातलाही बहुतांश पहिल्या आठवड्यातला. या मृत्यूंना 'कपाळीचे लिहिणे' म्हणण्याऐवजी कारणे शोधण्याची सुरुवात कशी झाली, आणि त्यात प्रसूतिगृहाचा वाटा काय होता, हा या लेखाचा विषय आहे. हा इतिहास सरळ चढत्या रेषेचा नाही. प्रसूतिगृहाने पुष्कळ बाळे वाचवली; पण काही काळ आणि काही ठिकाणी त्यानेच ती मारलीही.

कल्याणची आनंदी

या इतिहासाचा एक धागा ठाणे जिल्ह्यातील कल्याणपासून सुरू होतो. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी कुटुंबात यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. त्याचे बारसेही झाले नाही.

घरात झालेल्या अशा मृत्यूचे कारण लिहून ठेवण्याची रीत तेव्हा नव्हती. वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही जाणीव मात्र आनंदीबाईंच्या मनात राहिली, आणि स्त्रियांना तपासायला स्त्री डॉक्टर हवी हा विचार पक्का झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथे जाहीर भाषण करून त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत हे सांगितले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र'. दहा दिवसांच्या बाळाची आई असलेल्या विद्यार्थिनीने प्रसूतीचाच विषय निवडावा, हे पुरेसे बोलके आहे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आनंदीबाई पदवीधर झाल्या त्याच वर्षी, १८८६ साली, मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी त्यासाठी देणगी दिली होती, आणि तेथे स्त्रियांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरही स्त्रियाच असाव्यात असे ठरले होते. एडिथ पीची या इंग्रज डॉक्टरबाई त्याच्या प्रमुख झाल्या. पुढे १८९५ मध्ये डॉ. तेमुलजी नरिमन यांच्या पुढाकाराने फोर्ट भागात पारशी प्रसूतिगृहाची इमारत उभी राहिली. बाळंतज्वराने बायका दगावतात, याचे कारण कोंदट खोली आणि अस्वच्छता हे त्यांनी ओळखले होते.

परंतु बाळंतपणे एका छताखाली आणली की ती आपोआप सुरक्षित होतात का? या प्रश्नाचे उत्तर युरोपात त्याआधी चाळीस वर्षे, फार मोठी किंमत मोजून मिळाले होते. मुंबईतल्या प्रसूतिगृहांची गोष्ट समजण्यासाठी ते पाहणे जरूर आहे.

व्हिएन्नातील दोन वॉर्ड

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. एके दिवशी आलेल्या बाया पहिल्या विभागात, दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या विभागात, अशी वाटणी असे. म्हणजे दोन्ही विभागांत येणाऱ्या स्त्रिया सारख्याच; तेच शहर, तीच हवा, तोच गरीब वर्ग. तरीही १८४६ साली पहिल्या विभागात ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या आणि दुसऱ्या विभागात २.८ टक्के. रुग्णालयाच्या वाटेवर, रस्त्यातच बाळंत झालेल्या बायाही पहिल्या विभागातील बायांपेक्षा सुखरूप राहत.

इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने एकेक शक्यता तपासून बाद केली. गर्दी? ती दुसऱ्या विभागात जास्त होती. हवामान? ते दोन्हीकडे एकच. मार्च १८४७ मध्ये त्याचे सहकारी प्राध्यापक कोलेश्का शवविच्छेदनाच्या वेळी चाकू लागून मरण पावले, आणि त्यांच्या शरीरात बाळंतज्वरासारखेच बदल दिसले. दोन विभागांतला फरक तेव्हा उलगडला. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. १८४७ च्या मे महिन्याच्या मध्यापासून सेमेलवाइसने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेला मृत्युदर जूनमध्ये २.२ आणि जुलैत १.२ टक्क्यांवर आला.

या गोष्टीत आपण नेहमी मातांविषयी बोलतो. पण हाच आजार त्यांच्या नवजात बाळांनाही होतो आणि तीही दगावतात, हे सेमेलवाइसने नोंदवले होते. दुसरी लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की तेव्हा जंतूंचा सिद्धांत मांडला गेला नव्हता. सेमेलवाइसजवळ सूक्ष्मदर्शकाचा पुरावा नव्हता. त्याच्याजवळ दोन वॉर्डांच्या नोंदवह्या होत्या. जुळणारे दोन गट आणि प्रामाणिक मोजणी यांवरून त्याने कारण पकडले. त्याच्या समकालीनांपैकी अनेकांनी ते मानले नाही, कारण ते मान्य करणे म्हणजे आपल्याच हातांनी मृत्यू पोचवले हे कबूल करणे होते. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला.

गिरणगावातील आकडे

आता पुन्हा मुंबईकडे वळू. १९२१ साली मुंबई शहरातील बालमृत्युदर हजार जन्मांमागे ६६० च्या वर नोंदला गेला. म्हणजे वर्षाच्या आत तीनांतले दोन! त्यातही एका खोलीच्या बिऱ्हाडात हा दर ८२८, तर चार किंवा अधिक खोल्यांच्या घरात १३३. आकडे पाहिले की पहिली प्रतिक्रिया सुन्न होण्याची असते. पण विज्ञानाच्या शिक्षकाने येथे थोडे थांबून छेदस्थानी काय आहे ते पाहायला हवे.

गिरणीत काम करणाऱ्या कितीतरी बाया बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर माहेरी जात आणि काही महिन्यांनी तान्हे घेऊन परत येत. बाळाचा जन्म गावी, म्हणून तो मुंबईच्या वहीत नाही. मृत्यू मात्र चाळीत, म्हणून तो मुंबईच्या वहीत. शिवाय शहरात झालेल्या अनेक जन्मांची नोंदही होत नसे. अंश पुरा आणि छेद अपुरा, त्यामुळे दर फुगतो. खरा दर यापेक्षा कमी असणार, हे तेव्हाच्या जाणकारांनीही म्हटले होते. पण फुगवटा वजा केला तरी एका खोलीतले आणि चार खोल्यांतले अंतर पुसले जात नाही. आकड्यात चूक आहे म्हणून आकडा फेकून द्यायचा नसतो. चूक कोणत्या दिशेची आहे ते ओळखून वाचायचा असतो.

याच सुमारास मुंबई सरकारने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांना गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यास नेमले. १९२२ सालच्या त्यांच्या अहवालात अंधारी खोली, मळक्या चिंध्या, न धुतलेले हात, सारे आले आहे. त्याहून अस्वस्थ करणारी एक नोंद आहे : कामकरी स्त्रियांच्या ९८ टक्के तान्ह्यांना अफू दिली जाई. आई दहा तास गिरणीत. मूल झोपून राहावे म्हणून बाळागोळी. अफूने मूल झोपते, दूध कमी पिते, श्वास मंदावतो. हे मृत्यू कोणा आईच्या अडाणीपणाने होत होते असे म्हणणे सोपे आहे. परंतु पोटापाण्यासाठी बाळंतपणानंतर लगेच साच्यावर उभे राहावे लागणाऱ्या बाईला दुसरा पर्याय कोणता होता?

म्हणूनच मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूतिलाभ विधेयक आले, तेव्हा ते आरोग्याचेच विधेयक होते. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये हा कायदा झाला. देशातील तो अशा प्रकारचा पहिला कायदा. दरम्यान १९२६ साली परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले, गिरणगावाच्या अगदी जवळ.

एका मिनिटात पाच प्रश्न

प्रसूतिगृहे वाढली, प्रतिजैविके आली, माता वाचू लागल्या. तरीही दीर्घकाळ वॉर्डात नवजात बाळ हे दुय्यमच होते. सारे लक्ष आईकडे. बाळ रडले तर ठीक, नाही रडले तर नशीब. ही स्थिती बदलण्यात न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांचा मोठा हात आहे. १९५३ मध्ये त्यांनी एक साधी गुणपद्धत प्रसिद्ध केली. तिला यंत्र लागत नाही. डोळे, कान, बोटे आणि घड्याळ पुरे.

चौकट : अपगार गुणांक
जन्मानंतर एका मिनिटाने (आणि पुढे पाच मिनिटांनी) पाच गोष्टी पाहायच्या. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण.
१. हृदयाचे ठोके : नाहीत – ०, मिनिटाला १०० पेक्षा कमी – १, १०० पेक्षा अधिक – २.
२. श्वास : नाही – ०, मंद, अनियमित – १, जोरदार रडणे – २.
३. स्नायूंचा ताण : अंग लुळे – ०, हातपाय थोडे दुमडलेले – १, चांगली हालचाल – २.
४. डिवचल्यावर प्रतिसाद : नाही – ०, तोंड वाकडे करणे – १, शिंक, खोकला किंवा रडणे – २.
५. रंग : निळा किंवा फिका – ०, धड गुलाबी पण हातपाय निळे – १, सर्व गुलाबी – २. (सावळ्या त्वचेच्या बाळात ओठ, जीभ, तळहात पाहतात.)
एकूण ७ ते १० गुण म्हणजे बाळ ठीक.

या पद्धतीचा खरा परिणाम असा झाला, की प्रत्येक बाळाकडे जन्मताच कोणीतरी पाहणे भाग पडले, आणि पाहिलेले लिहिणेही. लिहिले म्हणून तुलना करता आली. कोणत्या भुलीनंतर बाळे मंद राहतात, कोणत्या वॉर्डात श्वास लवकर सुरू होतो, हे दिसू लागले.

शीवच्या वॉर्डातील बाटली

आता या लेखातील मुख्य घटनेकडे येऊ. मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय हे महापालिकेचे मोठे रुग्णालय. शेजारी धारावी, आणि मध्य रेल्वेमुळे ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या लोकांनाही जवळचे. येथे १९७० च्या दशकात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात बाळांचा विभाग पाहू लागल्या. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळे या विभागात ठेवली जात आणि त्यांतली फार मोठ्या संख्येने दगावत. मुख्य कारण जंतुसंसर्ग.

त्या काळच्या समजुतीप्रमाणे नाजूक बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून त्याला आईपासून वेगळे ठेवत. आई दाराबाहेर, बाळ आत. आणि आतल्या बाळाला पावडरचे दूध. हेतू चांगला होता. पण एक परिचारिका अनेक बाळांना हाताळणार, दूध कालवणार, बाटल्या उकळणार. पाणी, बाटली, बूच, हात, प्रत्येक पायरीवर जंतूंना वाट. पावडरचे दूध म्हणजे जंतूंसाठीही उत्तम अन्न.

उलट आईच्या दुधाची गोष्ट पाहा. पहिल्या दोन-तीन दिवसांचा पिवळसर चीक आपल्याकडे अनेक घरांत पिळून टाकून देत. त्यातच इम्युनोग्लोब्युलिन-ए या प्रकारची प्रतिपिंडे भरपूर असतात. ती बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर पसरतात आणि जंतूंना चिकटू देत नाहीत. लॅक्टोफेरिन हे प्रथिन लोह पकडून ठेवते, म्हणजे जंतूंना वाढीसाठी ते मिळत नाही. आणखी एक मौज : आई ज्या परिसरात वावरते तेथील जंतूंविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि दुधात उतरतात. म्हणजे आई वॉर्डात येऊन राहिली, तर वॉर्डातल्याच जंतूंवरचा उपाय ती तयार करू लागते. तिला दाराबाहेर ठेवले की हा मार्ग बंद होतो.

शीवच्या विभागाने पावडरचे दूध आणि बाटल्या बंद केल्या, आईला आत घेतले, आणि वाटी-चमच्याने किंवा नळीने आईचेच दूध द्यायला सुरुवात केली. ज्या बाळांची आई आजारी असे किंवा दूध उतरलेले नसे, त्यांचा प्रश्न उरला. त्यांना दुसऱ्या मातांचे जास्तीचे दूध दिले जाऊ लागले. इंग्लंडमधील मातृदुग्धपेढी पाहून आल्यावर डॉ. फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी शीवला तशी पेढी सुरू केली. ती आशियातील पहिली. डॉ. जयश्री मोंडकर व इतर सहकाऱ्यांनी हे काम पुढे वाढवले.

दुग्धपेढीचे काम रक्तपेढीसारखेच शिस्तीचे असते. दूध देणाऱ्या मातेची एचआयव्ही, कावीळ-ब, गुप्तरोग यांसाठी तपासणी होते. दूध एकत्र करून ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवतात आणि झटकन थंड करतात. दूध उकळले असते तर प्रतिपिंडेही गेली असती. या तापमानाला घातक जंतू मरतात आणि प्रतिपिंडांचा बराच भाग टिकतो. मग नमुना जंतुपरीक्षेला जातो, आणि शुद्ध ठरलेले दूध उणे २० अंशांना गोठवून ठेवतात. शाळेतील पाश्चरीकरणाच्या धड्याला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

१९९२ मध्ये भारतात पावडरचे दूध व बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा झाला. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने सरकारी रुग्णालयांतील दुग्धपेढ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डॉ. फर्नांडिस यांनी १९९९ साली 'स्नेहा' ही संस्था स्थापन करून हे काम वॉर्डाबाहेर, वस्त्यांत नेले.

काचपेटीपासून आईच्या छातीपर्यंत

नवजात बाळाला संसर्गाइतकाच थंडीचा धोका असतो. लहान शरीराचे पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानाने मोठे, म्हणून उष्णता झपाट्याने जाते. (समान पदार्थाच्या लहान-मोठ्या गोळ्यांवर हे गणित विद्यार्थी करू शकतील.) पॅरिसच्या तार्निए या डॉक्टरने प्राणिसंग्रहालयातील कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहिली, आणि १८८० साली तशी पेटी प्रसूतिगृहात बाळांसाठी बसवली. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांतील मृत्यू ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. त्याचा शिष्य ब्यूदँ याने मात्र एक इशारा दिला : बाळ पेटीत, आई दूर, असे झाले की आईचे दूध आटते आणि मायाही पातळ होते.

तो इशारा जगाने पुढची अनेक दशके फारसा मनावर घेतला नाही. १९७८-७९ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. रे सानाब्रिया आणि डॉ. मार्तिनेझ यांच्या वॉर्डात पेट्या अपुऱ्या होत्या. एका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. त्यांनी बाळ उघडे करून आईच्या छातीला, त्वचेला त्वचा लावून बांधले. कांगारूच्या पिशवीसारखे, म्हणून नाव 'कांगारू मातृसेवा'. अडचणीतून निघालेली ही तोड पुढे काटेकोर परीक्षेला उतरली. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या ३,२११ बाळांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीप्रमाणे बाळ स्थिर होण्याची वाट पाहिलेल्या गटात २८ दिवसांत १५.७ टक्के बाळे दगावली. जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्या गटात १२ टक्के. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागातच न्यावी लागली. शीवच्या वॉर्डाने आईला दाराच्या आत घेण्याचा जो निर्णय घेतला होता, त्याच दिशेचा हा पुरावा आहे.

वॉर्ड नसेल तेथे

मोजणी आणि स्वच्छ हात यांना इमारत लागतेच असे नाही, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवले. 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोडे शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना तयार केले. बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास कोंडला तर उपाय करणे, संसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे, हे सारे घरोघरी. आधी हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष आले, आणि २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी भेट देऊ लागल्या.

आजचे चित्र

महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण जवळजवळ ९५ टक्के झाले. २०२० साली राज्याचा नवजात मृत्युदर हजारी ११ होता, देशाचा २०. नवजात धनुर्वात देशातून जवळपास नाहीसा झाल्याचे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. सहाव्या रात्रीचा तो शत्रू लस, स्वच्छ पाते आणि कोरडी नाळ यांनी हटवला. ही कामगिरी लहान नाही.

मात्र जन्म वॉर्डात आला, म्हणजे व्हिएन्नाचा प्रश्नही वॉर्डात आला. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० बाळांचा अभ्यास झाला. १४.३ टक्के बाळांना रक्तात जंतुसंसर्ग झाला, आणि त्यातले कितीतरी जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. हात धुण्याला पर्याय म्हणून प्रतिजैविके वापरली, तर प्रतिजैविकेही जातात आणि हातही अस्वच्छ राहतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागात आग लागून दहा बाळे गेली. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात होते.

अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया उमटतात. एक : 'रुग्णालय म्हणजे मृत्यूचा सापळा.' दुसरी : 'बाळे आधीच गंभीर होती, आमचा दोष नाही.' दोन्ही तपासाव्या लागतात, आणि त्यासाठी वर्गात सोडवता येईल असे एक काल्पनिक उदाहरण देतो.

'अ' रुग्णालयात २,००० जन्म झाले. १,८०० बाळे अडीच किलोच्या वरची. त्यांत ९ मृत्यू, म्हणजे हजारी ५. उरलेली २०० कमी वजनाची. त्यांत २० मृत्यू, म्हणजे हजारी १००. एकूण दर हजारी १४.५. 'ब' हे मोठे रुग्णालय. तेथे अवघड प्रसूती पाठवल्या जातात. तेथेही २,००० जन्म; १,००० बाळे पुऱ्या वजनाची, त्यांत ३ मृत्यू, हजारी ३. कमी वजनाची १,०००, त्यांत ६० मृत्यू, हजारी ६०. एकूण दर हजारी ३१.५. वर्तमानपत्रात 'ब' दुपटीहून वाईट दिसेल. पण दोन्ही प्रकारच्या बाळांची काळजी तेथे अधिक चांगली घेतली जाते. हेच गणित उलटही वापरता येते. 'बाळे गंभीर होती' असे रुग्णालय म्हणत असेल, तर वजनानुसार आणि महिन्यांनुसार तक्ता दाखवा, असे नागरिकाला म्हणता आले पाहिजे. तक्ता नसेल तर तो बचाव रिकामा.

आणि कमी वजन तरी कोठून येते? डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जो अभ्यास सुरू केला, त्यात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो निघाले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. हा फरक प्रसूतीच्या दिवशी निर्माण होत नाही. तो आईच्या बालपणी, तिच्या ताटात, तिच्या लग्नाच्या वयात आणि गरोदरपणातल्या कष्टांत तयार होतो. वॉर्डाच्या वहीत जे वजन लिहिले जाते, त्यामागे पंधरा-वीस वर्षांचा इतिहास असतो. चौदाव्या वर्षी आई झालेल्या आनंदीबाईंना हे शिकवावे लागले नसते.

खोपट, नौपाडा, कल्याण किंवा डोंबिवलीच्या एखाद्या शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एक छोटी पाहणी करून घ्यावी. पणजीची बाळंतपणे कोठे झाली, आजीची कोठे, आईची कोठे? सुईण कोण होती? किती मुले झाली आणि बारशापर्यंत किती पोचली? शेवटचा प्रश्न हळुवारपणे विचारायचा, आणि ज्या घराला सांगायचे नसेल त्याला आग्रह करायचा नाही. तीन पिढ्यांचा तक्ता वर्गात एकत्र मांडला, की पाठ्यपुस्तकातील मृत्युदराचा आलेख आपल्याच घरांतून गेलेला दिसेल. मुलींना आपल्या शहराच्या रुग्णालयाचा आकडा कसा वाचायचा हेही तेव्हाच सांगता येईल : किती मृत्यू हे विचारताना किती जन्मांमागे, किती वजनाच्या बाळांमध्ये आणि कोणत्या कारणाने, हेही विचारायचे.